होम्स नव्हे, ब्रेट आजारी होता

कॉर्नवॉलचा समुद्रकिनारा. केस अगदी बारीक कापलेला एक उंच, सडपातळ माणूस वाळूत बसला आहे. हाताने तो वाळू उकरतो, जवळची सिरिंज त्या खळग्यात ठेवतो आणि वरून वाळू लोटतो. हा माणूस शेरलॉक होम्स आहे. सिरिंज त्याच्या कोकेनची आहे. ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या मालिकेतला ‘द डेव्हिल्स फूट’ हा भाग 1988 साली दाखवला गेला, त्यातला हा प्रसंग.

आर्थर कॉनन डॉयलच्या मूळ कथेत तो नाही. होम्स साकारणारा जेरेमी ब्रेट मूळ कथेतला शब्दही इकडचा तिकडे होऊ न देणारा नट होता. पटकथेत भलती भर घातली की तो दिग्दर्शकाशी वाद घालायचा. इथे मात्र बदल त्यानेच मागून घेतला. ही मालिका लहान मुलंही बघतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. आपला नायक व्यसन सोडतो हे मुलांना दिसायला हवं, असं त्याला वाटलं. कॉनन डॉयलची मुलगी डेम जीन कॉनन डॉयल हिची त्यासाठी परवानगी घेतली गेली आणि सिरिंज वाळूत गेली.

त्या दिवसांत ब्रेट स्वतः एका मोठ्या आजारातून सावरत होता. 1986 च्या अखेरीस तो कोसळला होता आणि त्याला लंडनमध्ये मानसोपचार रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. ‘मॅनिक डिप्रेशन’ हे त्याचं निदान. आज या आजाराला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. मराठी डॉक्टर लिहिताना ‘द्विध्रुवीय विकार’ लिहितात आणि बोलताना बायपोलरच म्हणतात.

होम्सची भूमिका ब्रेटच्या अंगात शिरली आणि तिनेच त्याला खाल्लं, अशी कहाणी त्याचे चाहते गेली तीस वर्षं सांगत आले आहेत. कहाणी रंगतदार आहे. स्वतः ब्रेटनेही तिला खतपाणी घातलं. होम्स नटासाठी धोक्याचा आहे, तो माणसाला आत ओढून घेतो, असं तो मुलाखतींतून सांगायचा. कधीकधी तर होम्सचं नावही घ्यायचा नाही, नुसतं ‘तुम्हाला ठाऊक आहे तो’ म्हणायचा. पण त्याच्या आयुष्याचा क्रम नीट लावून पाहिला की ही कहाणी टिकत नाही. होम्ससारखंच पुराव्याने चालायचं, तर पुरावा वेगळीकडे बोट दाखवतो.

ब्रेटचं खरं नाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. जन्म 3 नोव्हेंबर 1933, इंग्लंडमधल्या वॉरिकशायरमधल्या बर्क्सवेल गावी. वडील लष्करी अधिकारी, आई कॅडबरी या प्रसिद्ध चॉकलेट घराण्यातली. मुलगा नट होणार म्हटल्यावर वडिलांनी अट घातली, घराण्याचं आडनाव रंगमंचावर लावायचं नाही. मुलाने आपल्या सुटाच्या आतल्या लेबलावरचं शिंप्याचं नाव उचललं. ते होतं ब्रेट.

लहानपणी त्याला ‘र’ नीट म्हणता येत नव्हता. किशोरवयात जिभेखालची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याने उच्चाराचा रोजचा रियाज सुरू केला. नामवंत झाल्यावरही तो रियाज त्याने सोडला नाही. डिस्लेक्सियामुळे वाचणंही कठीण जायचं. ज्याच्या होम्सचं एकेक अक्षर आज कानात ठणठणीत वाजतं, त्या माणसाची सुरुवात ही अशी होती. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला संधिवाताचा ताप आला आणि हृदयाच्या झडपांना इजा झाली. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये शिक्षण, 1954 साली मँचेस्टरमध्ये रंगमंचावर पदार्पण, मग शेक्सपिअर, ‘वॉर अँड पीस’ चित्रपट, 1964 सालच्या ‘माय फेअर लेडी’मधला प्रेमात पडलेला फ्रेडी. देखणा नट म्हणून त्याचं चांगलं चाललं होतं. मनाचे चढउतार त्याला तेव्हाही होते. अतिउत्साहाचे दिवस, मग खोल उदासीचे दिवस, हे त्याच्या जवळच्या माणसांनी होम्सच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. 1959 साली त्याची आई मोटार अपघातात गेली, तो घावही त्याने आयुष्यभर बाळगला. म्हणजे आजाराची पावलं भूमिकेच्या आधीची आहेत. होम्सवर ठेवलेला आळ इथेच अर्धा गळून पडतो.

होम्स त्याच्याकडे आला तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. गंमत म्हणजे त्याआधी 1980 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये एका नाटकात त्याने होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन केला होता, चार्लटन हेस्टनच्या होम्ससमोर. मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनचा निर्माता मायकेल कॉक्स याला मूळ कथांशी इमान राखणारी मालिका करायची होती. त्यासाठी 77 पानांची एक फाइलच तयार करण्यात आली. होम्स काय खातो, कुठली चिरूट-पाइप कधी ओढतो, कुठल्या कथेत काय घालतो, सगळं त्यात नोंदलेलं. ‘स्ट्रँड’ मासिकात कथा पहिल्यांदा छापल्या गेल्या तेव्हाची सिडनी पॅजेटची चित्रं समोर ठेवून काही प्रसंगांतल्या उभ्या राहण्याच्या ढबीसुद्धा बसवल्या गेल्या. पहिला भाग 24 एप्रिल 1984 रोजी दाखवला गेला.

ब्रेटने त्यात काय केलं ते पाहूनच कळतं. पाहुणा बोलत असताना डोळे मिटून खुर्चीत निश्चल बसलेला हा होम्स एकाएकी सोफ्यावरून उडी मारून पलीकडे जातो. हसू उमटतं ते विजेसारखं, क्षणात येतं आणि क्षणात जातं. गुन्ह्याच्या जागी तो जमिनीवर सपशेल आडवा पडून हुंगतो. कामात असताना अन्न-झोपेची शुद्ध नाही, काम संपलं की दिवसच्या दिवस सोफ्यावर पडून. हे कॉनन डॉयलनेच लिहून ठेवलेलं. 1887 सालच्या पहिल्या कादंबरीतच वॉटसनने आपल्या मित्राचे हे दोन टोकांचे दिवस नोंदवले आहेत.

आजारी माणसाला आजारी पात्र सापडलं, असं म्हणायचा मोह इथे होतो. तो आवरायला हवा. ब्रेटचा होम्स श्रेष्ठ झाला तो आजारामुळे नाही. सगळ्यात गाजलेले भाग पहिल्या दोन वर्षांतले आहेत, तेव्हा त्याची तब्येत बरी होती. त्यामागे तीस वर्षांची रंगभूमीची तालीम होती, जिभेचा रियाज होता, कथांच्या पुस्तकावर पेन्सिलीने केलेल्या असंख्य खुणा होत्या. आजाराने त्याला काहीही दिलं नाही, फक्त घेतलं.

मग 1985 साल आलं. होम्स आणि त्याचा कट्टर शत्रू प्रोफेसर मोरियार्टी रायखेनबाखच्या धबधब्यात पडतात ती कथा स्वित्झर्लंडमध्ये प्रत्यक्ष त्या धबधब्यापाशी चित्रित झाली. त्याच उन्हाळ्यात ब्रेटची बायको जोन विल्सन कर्करोगाने गेली. जोन ही अमेरिकेतली नामवंत टेलिव्हिजन निर्माती, बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीवर ब्रिटिश मालिका ती सादर करायची. दोघांचं लग्न 1970 च्या दशकातलं. तिच्या जाण्यानंतर ब्रेट पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. ‘होम्सचं पुनरागमन’ चित्रित करायचं होतं, वेळापत्रक ठरलेलं होतं. त्याचा वॉटसन झालेला डेव्हिड बर्क मालिका सोडून गेला होता आणि एडवर्ड हार्डविक नवा आला होता. दुःख करायला सवड नाही, दिवसभर काम, रात्री झोप नाही. वर्षभर हे रेटल्यावर 1986 च्या अखेरीस बांध फुटला.

बायपोलर म्हणजे काय, हे इथे थांबून समजून घ्यायला हवं. कारण आपल्याकडे ‘मूड स्विंग’ हा शब्द आता इतका सैल झाला आहे की सकाळी हसणारी आणि संध्याकाळी रुसणारी मुलगी ‘बायपोलर’ ठरते. हा आजार तसा नाही. त्यात उन्मादाचा काळ असतो, तो निदान आठवडाभर आणि बरेचदा त्याहून जास्त टिकतो. माणूस दोन-तीन तास झोपतो आणि तरी दमत नाही. बोलणं इतकं वेगाने की समोरच्याला शब्द घालता येत नाही. अफाट बेत, उधळपट्टी, कुणी अडवलं तर संताप. शेत विकून कारखाना काढायचा, गावाला जेवण घालायचं, रात्री दोन वाजता नातेवाइकांना फोन करायचे. मग दुसरं टोक येतं. उठवत नाही, अंघोळ नको, जेवण नको, जगणं नको. दोन्हींच्या मध्ये महिने, कधी वर्षं, माणूस पूर्ण ठीक असतो. याच मधल्या काळामुळे घरच्यांची फसगत होते. ‘आता बरा झाला, गोळ्या कशाला?’

आजार बहुधा विशी-पंचविशीत डोकं वर काढतो, घराण्यात असेल तर शक्यता वाढते. उन्माद ओळखला गेला नाही आणि फक्त उदासीवरच्या गोळ्या दिल्या, तर त्या गोळ्याच माणसाला उन्मादात ढकलू शकतात. म्हणून डॉक्टरांना मागचा इतिहास सांगणारं घरातलं माणूस सोबत असणं औषधाइतकंच गरजेचं असतं. आणि झोपमोड ही उन्मादाची सगळ्यात जुनी, सगळ्यात ओळखीची ठिणगी. रात्रीच्या पाळ्या, सलग जागरणं, वेळी-अवेळी ड्यूटी. आपल्या खानदेशातल्या भुसावळच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. लोको पायलट, गार्ड, स्टेशन मास्तर, दीपनगरच्या वीज केंद्रातले कामगार, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले लोक, या गावाचं घड्याळच पाळ्यांवर चालतं. रात्रपाळीने बायपोलर होत नाही. पण ज्याला तो आहे, त्याच्यासाठी झोपेची शिस्त हे अर्धं औषध असतं. आणि अशा कर्मचाऱ्याने पाळी बदलून मागणं ही काही चैन नसते.

ब्रेटला लिथियम सुरू झालं. लिथियम हा साधा क्षार आहे. 1949 साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञाने उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला आणि पंचाहत्तर वर्षांनंतरही बायपोलरसाठी त्याच्या तोडीचं औषध फार थोडं आहे. आत्महत्येचा धोकाही ते कमी करतं, असं मानलं जातं. पण ते सांभाळून घ्यावं लागतं. रक्तातलं त्याचं प्रमाण ठरावीक मर्यादेत राहावं लागतं, कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं वर गेलं तर विष. म्हणून ठरलेल्या मुदतीने रक्त तपासायचं, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष ठेवायचं.

खानदेशाच्या दृष्टीने यात एक फार मोठी गोष्ट आहे आणि ती कुणी ठळकपणे सांगत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या पुढे जाणं नवीन नाही. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातलं प्रमाण चढतं. जुलाब-उलट्यांतही तेच होतं. अंगदुखीसाठी मेडिकलवरून आपल्या मनाने घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांनीही तेच होतं, लघवी वाढवणाऱ्या काही रक्तदाबाच्या गोळ्यांनीही. ‘बीपीसाठी मीठ बंद’ असं कुणी सांगितलं आणि रुग्णाने एकदम मीठ तोडलं, तरी लिथियम वाढतं. हात मोठे थरथरायला लागले, चालताना झोक जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या सुरू झाल्या, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लिथियमवर असलेल्या माणसाने उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यावं आणि जेवणातलं मीठ रोजचं रोज सारखं ठेवावं, एवढं तरी प्रत्येक घराला माहीत हवं.

ब्रेटच्या बाबतीत औषधाचा गुण आला आणि त्रासही झाला. तो कामावर परतला. ‘द साइन ऑफ फोर’ हा लांब चित्रपट 1987 साली दाखवला गेला, तो अनेकांच्या मते त्याच्या उत्कृष्ट कामांपैकी एक. मग 1988 पासून लंडनच्या विंडहॅम्स थिएटरात ‘द सीक्रेट ऑफ शेरलॉक होम्स’ हे नाटक सुमारे वर्षभर चाललं. त्यात दोनच पात्रं, होम्स आणि वॉटसन. रोज रात्री तो रंगमंचावर उभा राहायचा. भूमिकेने खाल्लेला माणूस असं करू शकेल का, याचा विचार कहाणी सांगणाऱ्यांनी करायला हवा होता.

पण शरीर बदलत होतं. लिथियमने अंगात पाणी साचायचं, वजन वाढलं, चेहरा सुजल्यासारखा झाला. 1991 नंतरचे भाग पाहताना हे कुणाच्याही लक्षात येतं. सोफ्यावरून उडी मारणारा होम्स आता हळू चालतो, वाक्य बोलताना धाप लागते. किशोरवयातल्या तापाने दुबळं झालेलं हृदय मोठं होत चाललं होतं आणि त्याची सिगारेट सुटत नव्हती, दिवसाला साठापर्यंत तो ओढायचा. 1994 सालच्या शेवटच्या मालिकेत ‘द मझारिन स्टोन’च्या वेळी तो इतका आजारी पडला की तपासाचं काम होम्सचा भाऊ मायक्रॉफ्टकडे सोपवून कथा फिरवावी लागली. चार्ल्स ग्रे या नटाने ती बाजू सांभाळली. 11 एप्रिल 1994 रोजी शेवटचा भाग दाखवला गेला. एकूण 41 भाग झाले होते, साठ कथांपैकी बहुतेक कथा त्यांत आल्या होत्या. सगळ्या पूर्ण करायचं ब्रेटच्या मनात होतं, ते राहिलं. 12 सप्टेंबर 1995 रोजी लंडनमधल्या घरी झोपेतच त्याचं हृदय थांबलं. वय 61.

‘औषधाने मेला’ असं काही चाहते आजही लिहितात. तसं म्हणणं चुकीचं आहे आणि घातकही. हृदयाचं दुखणं पौगंडावस्थेतलं, सिगारेटी चाळीस वर्षांच्या, कामाचा ताण सततचा. लिथियमने पाणी साचून त्या हृदयावरचा भार वाढला असेल, हे खरं. पण त्याच औषधाच्या आधाराने तो कोसळल्यानंतर आठ वर्षं काम करू शकला, हेही तितकंच खरं. हृदय आणि मन या दोन्हींचे डॉक्टर एकमेकांशी बोलत असले पाहिजेत, हा यातला धडा. औषध फेकून द्या, हा नव्हे.

त्याला सांभाळलं ते सोबतच्या लोकांनी. एडवर्ड हार्डविकचा वॉटसन पडद्यावर जितका शांत आणि मायाळू आहे, तितकाच तो पडद्यामागेही ब्रेटचा मित्र राहिला. निर्माती जून विंडम-डेव्हिस आणि तिच्या माणसांनी त्याच्या तब्येतीप्रमाणे काम जुळवून घेतलं, त्याला घरी बसवलं नाही. या उलट इंग्लंडच्या सनसनाटी वृत्तपत्रांचं वागणं. त्याच्या बदलत्या चेहऱ्यावरून आणि रुग्णालयातल्या फेऱ्यांवरून बातम्या शिजल्या, भलत्याच आजारांच्या अफवा छापल्या गेल्या. ब्रेटने त्याला वेगळंच उत्तर दिलं. आपला आजार त्याने नाव घेऊन जाहीरपणे सांगितला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे सोपं नव्हतं. मॅनिक डिप्रेशन फेलोशिप ही संस्था, जी आता बायपोलर यूके म्हणून ओळखली जाते, तिच्यासाठी त्याने मृत्यूच्या थोडं आधी रेडिओवरून लोकांना आवाहनही केलं.

आपल्याकडे होम्स परका नाही. भालबा केळकरांनी तो मराठीत आणला आणि त्याआधी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी वाचकांना रहस्यकथेची चटक लावून ठेवलीच होती. याच भालबांनी पुण्यात 1951 साली प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन काढली. 1972 साली तिच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस उभा केला तो डॉ. मोहन आगाशे यांनी. नट आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोन्ही एकाच माणसात. क्रूर, लंपट नाना त्यांनी वर्षानुवर्षं केला आणि त्याच काळात बी. जे. मेडिकल कॉलेजात मानसोपचारही शिकवला. भूमिका माणसाला वेडं करते, या समजुतीला याहून चांगलं उत्तर मराठी रंगभूमीकडे नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2004 साली ‘देवराई’त अतुल कुलकर्णींच्या रूपाने स्किझोफ्रेनिया दाखवला. पुढे त्यांच्याच, नैराश्यावरच्या ‘कासव’ने राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळवलं. त्याच्या निर्मितीत आगाशे होते. मराठी चित्रपटाने हे काम प्रामाणिकपणे केलं आहे, ते सांगायलाच हवं.

पडद्याबाहेर मात्र अजून बरंच बाकी आहे. खानदेशात अशा माणसाबद्दल पहिली वाक्यं ठरलेली असतात. ‘बाहेरचं झालं’, ‘कुणी करणी केली’, ‘डोक्यावर परिणाम झाला’. मग भगत, मग बुलढाणा जिल्ह्यातला सैलानी बाबांचा दर्गा. होळीला तिथल्या नारळांच्या होळीसाठी लांबलांबून लोक येतात, त्यांत मनाच्या आजारांनी गांजलेली कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. श्रद्धेने तिथे जाणाऱ्याला हसण्यात काही अर्थ नाही. डॉक्टर दूर, पैसा कमी, आणि दर्ग्यात कुणी ‘वेडा’ म्हणून दार लावत नाही. नवस फेडायला खुशाल जावं. गोळ्या मात्र पिशवीत असाव्यात. आणि साखळदंड तर कुठेच नको. 2001 साली तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा गुन्हा ठरवला आहे.

2015-16 सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण खानदेशाला लागून असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश होते. सर्वेक्षणाप्रमाणे आयुष्यात केव्हातरी बायपोलर होणारे दर दोनशे प्रौढांत एक. भुसावळसारख्या पावणेदोन-दोन लाखांच्या शहरात म्हणजे अशी काही शेकडो माणसं. त्यांच्यापैकी जवळपास सत्तर टक्क्यांना उपचारच मिळत नाहीत, असंही याच सर्वेक्षणाने सांगितलं. आकडा पाहिला की राग येतो, कारण औषध आहे, परवडणारं आहे, सरकारी दवाखान्यात मिळू शकतं.

पूर्वी खानदेशात कुणाचा उन्माद हाताबाहेर गेला की रात्रीच्या गाडीत बसवून नागपूरच्या किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्यायचं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. तिथे ठेवून यायचं, आणि काही कुटुंबं परत न्यायला गेलीच नाहीत. आज तसं करायची वेळ बहुतेकांवर येत नाही. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून उपचार सुरू होतात आणि बायपोलरचे बहुतेक रुग्ण घरी राहून, नोकरी करून बरे राहतात. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे 2018 पासून लागू आहे. उपचार मिळणं हा त्याने हक्क केला, साखळीने बांधायला बंदी घातली, विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला सांगितलं. ‘मला परत असा झटका आला तर मला कसे उपचार द्यावेत, माझ्या वतीने कुणी बोलावं’ हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो, अशीही त्यात सोय आहे.

घरात कुणी आठवडाभर झोपेशिवाय पळत असेल, किंवा महिनाभर अंथरुणातून उठत नसेल, तर 14416 या क्रमांकावर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीतून बोलते. दवाखान्यात जाताना गेल्या महिनाभरात रोज किती झोप झाली ते एका कागदावर लिहून न्या, घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या, आणि जे घडलं ते न लाजता सांगेल असं घरातलं एक माणूस बरोबर न्या. आणि डॉक्टर सांगत नाही तोवर, कितीही बरं वाटलं तरी, औषध थांबवू नका.